गुणिले शंभर

घरातलं एक माणूस परदेशी गेलं, की मागे राहिलेल्यांपैकी एक जण गुणाकाराला बसतो. कुणी नेमणूक करत नाही, पगार मिळत नाही, पण पद कायमचं असतं. नाशिकच्या अंबडमध्ये, एक्स्लो पॉइंटपासून थोडं आत, हे पद आमचे मामा सांभाळतात.

मामांची सगळी नोकरी अंबडच्या एमआयडीसीत गेली. टर्नर म्हणून लागले, इन्स्पेक्शनमधून निवृत्त झाले. आयुष्यभर हातात व्हर्निअर कॅलिपर असल्यामुळे 'साधारण', 'अंदाजे', 'असेल तेवढंच' हे शब्द त्यांच्याकडून रिजेक्ट होतात. निवृत्तीनंतर मोजायला जॉब उरले नाहीत, तेव्हा त्यांनी युरोप मोजायला घेतला, कारण मुलगा स्टुटगार्टला. नाशिकच्या पोरानं स्टुटगार्टला असणं यात विशेष काही नाही. बॉश कंपनीचं माहेर तिकडचं आणि तिचा कारखाना आमच्या सातपूरला. जुनी माणसं त्याला अजून 'मायको'च म्हणतात. त्यामुळे सातपूर-अंबड पट्ट्यात जर्मनी हा परदेश कमी आणि हेड ऑफिस जास्त.

रविवारी व्हिडिओ कॉल असतो. त्यात तब्येतीचा प्रश्न तिसरा येतो. पहिला 'जेवलास का', दुसरा 'काय जेवलास', आणि दुसऱ्याच्या उत्तरावरच गाडी अडकत असल्यामुळे तिसऱ्यापर्यंत ती क्वचित पोचते.

"मेथीची भाजी केली."

"अगं बाई, मिळाली का मेथी? केवढ्याला?"

"अडीच युरो."

इथपर्यंत संवाद मामीचा. पडद्याच्या कोपऱ्यात तोवर नुसता कान दिसणारे मामा इथे पूर्ण चौकटीत येतात.

"अडीचशे रुपये! जुडी केवढी?"

मुलगा हातानं दाखवतो.

"एवढीशी? एवढी तर आपल्याकडे वर टाकून देतात!"

मग दोन्हीकडे थोडा वेळ शांतता. मुलाला मेथीची भाजी गोड लागेनाशी होते आणि मामा-मामींना आपलं नाशिकला राहणं किती बरोबर होतं याचा नव्यानं साक्षात्कार होतो.

मुलगा गेला तेव्हा युरो ऐंशीच्या आसपास होता. साडेतीन गुणिले एकोणऐंशी पूर्णांक काहीतरी, असा हिशेब करायला मामांना कागद लागायचा. २०२५ मध्ये युरोनं शंभरी ओलांडली, तेव्हा पेपरात रुपया घसरल्याच्या चिंता छापून आल्या. मामांनी मात्र सुटकेचा श्वास टाकला. आता दोन शून्यं जोडली की काम झालं. देशाच्या अर्थव्यवस्थेचं काय व्हायचं ते होवो, गुणाकार तोंडी झाला. वरचे किरकोळ रुपये मामा सोडून देतात. कॅलिपरवाल्या माणसानं आयुष्यात दिलेला हा एवढाच टॉलरन्स.

गुणाकाराची लागण जाणाऱ्यालाही होते. मामेभावाचे स्टुटगार्टमधले पहिले महिने पूर्ण गुणाकारात गेले. साडेतीन युरोची कॉफी म्हणजे दोनशे ऐंशी रुपये, या हिशेबानं तो कॉफीच्या दुकानासमोरून वास घेत जायचा. तिकडे पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीवर २५ सेंट अनामत असते. रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की पैसे परत. आपल्याकडे भंगारवाला बाटल्या किलोवर नेतो, तिकडे एकेका बाटलीचे वीस रुपये! ऑफिसातले जर्मन बाटल्या टेबलावर सोडून जायचे आणि आमचा इंजिनिअर त्या गोळा करायचा. मामांनी त्या काळात नातेवाइकांना अभिमानानं सांगितलं होतं, "पगार वेगळा, बाटल्यांचे वेगळे."

मग एके दिवशी गुणाकार थांबतो. त्या दिवसाची नोंद पासपोर्टात होत नाही, पण माणूस खरा परदेशी होतो तो तेव्हा. आमच्याकडे हा दिवस बुटांवरून कळला. मुलगा बोलता बोलता म्हणाला, "चांगले मिळाले, फक्त ऐंशी युरोला." आठ हजारांचे बूट मामांनी सहन केले असते, पण त्यामागचं ते 'फक्त' त्यांना रात्रभर टोचत होतं. 'फक्त' म्हणजे पोरगा तिकडचा झाला.

गुणाकार संपला की भागाकार सुरू होतो, आणि भागाकारी माणूस सुट्टीत घरी येतो.

भागाकारी माणसाला बाजारात नेऊ नये. मामीनं एकदाच त्याला सिडकोतल्या पवननगरच्या भाजीबाजारात नेलं. मामी तिथे गेली पंचवीस वर्षं भाव करते. ढोबळी मिरची पन्नास रुपये किलो ऐकून तिनं चेहऱ्यावर जे दुःख आणलं होतं, ते पाहून भाजीवाली चाळिसावर येण्याच्या बेतात होती. तेवढ्यात मागून आवाज आला, "आई, पन्नास म्हणजे अर्धा युरो! घेऊन टाक ना!" भाजीवालीला युरो कळत नव्हता, पण 'घेऊन टाक ना' कळलं. त्या दिवशी ढोबळी, गवार आणि कोथिंबीर, तिन्ही युरोपच्या भावानं घरी आली. कोथिंबिरीबरोबर कढीपत्ता मागायची मामीची हिंमत झाली नाही. अर्ध्या युरोत दुकान विकत घेणाऱ्याच्या आईनं फुकटचा कढीपत्ता कोणत्या तोंडानं मागायचा?

सुट्टीतला उरलेला वेळ जातो तो शटडाऊन मेंटेनन्समध्ये. कारखाना वर्षातून एकदा बंद ठेवून मशिनं उघडतात, तेल-ग्रीस करतात, झिजलेले पार्ट बदलतात, तसा आमचा मामेभाऊ तीन आठवडे पूर्ण उघडलेला असतो. दातांची रूट कॅनाल, चष्म्याच्या दोन जोड्या, पँटींची कंबर वाढवणं, बॅगेची चेन, बुटांचे सोल आणि शेवटी केस. स्टुटगार्टला केस कापायला तीस युरो आणि आधी अपॉइंटमेंट. अंबडला शंभर रुपये, अपॉइंटमेंट म्हणजे बाकावर बसणं, आणि शंभरातच डोक्याला मालिश आणि महापालिकेच्या राजकारणाचं सविस्तर विश्लेषण. त्यामुळे हा केस वाढवत येतो. विमानतळावर मामी त्याला आधी जवळ घेते आणि मग ओळखते.

आता कुणी म्हणेल, हा सगळा रिकामटेकड्यांचा उद्योग. पण मोठमोठी माणसं या उद्योगाला लागली आहेत. दादाभाई नौरोजींनी दीडशे वर्षांपूर्वी हिंदुस्थानी माणसाचं वार्षिक उत्पन्न काढलं. ते आलं माणशी वीस रुपये. मग त्यांनी तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राचा सरकारी खर्च शोधून शेजारी ठेवला, तो त्याहून जास्त निघाला. म्हणजे बाहेर मोकळं राहणं कैदेपेक्षा हलाखीचं होतं. इंग्रज सरकारला याहून बोचरा विनोद कुणी ऐकवला नसेल, आणि तोही सरकारचेच आकडे घेऊन.

१९८६ साली 'द इकॉनॉमिस्ट' या ब्रिटिश साप्ताहिकानं बिग मॅक नावाच्या बर्गरवरून चलनं जोखायला सुरुवात केली. एकच बर्गर सगळीकडे, तर त्याच्या किमतीवरून कुठलं चलन स्वस्त, कुठलं महाग ते ठरवायचं. भारतात पंचाईत झाली. इथे बीफचा बर्गर नाही, म्हणून आपला हिशेब चिकनच्या महाराजा मॅकवर करावा लागला. मामा माळकरी. त्यांच्या मते ज्या मोजमापाला आपण हातही लावू शकत नाही, ते आपल्याला लागू नाही.

त्याहून गंभीर प्रकार म्हणजे जागतिक बँकेचा आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रम. १९६८ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आणि संयुक्त राष्ट्रांत त्याची सुरुवात झाली. देशोदेशी तांदूळ, दूध, घरभाडं, केस कापणं असल्या शेकडो गोष्टींचे भाव गोळा करायचे आणि एका डॉलरमध्ये अमेरिकेत जे येतं, ते आपल्याकडे किती रुपयांत येतं ते काढायचं. २०१७ च्या फेरीत १७६ देश-प्रदेश होते. त्या वर्षी बाजारात डॉलर ६५ रुपये १२ पैशांना होता, आणि या हिशेबानं तो निघाला २० रुपये ६५ पैशांचा. म्हणजे खरा गुणाकार पासष्टनं करायचाच नव्हता, वीस-एकवीसनं करायचा होता.

मी हे मोठ्या उत्साहानं मामांना सांगितलं. दशांशाची दोन घरं ऐकून आधी ते खूश झाले. मग चष्मा काढून म्हणाले, "वीस रुपये पासष्ट पैशांचा डॉलर कुठल्या बँकेत मिळतो ते सांग. मी आत्ता एफडी मोडतो."

जागतिक बँकेकडे याचं उत्तर आहे का, ठाऊक नाही. माझ्याकडे नव्हतं.

अंबडला केस शंभरात आणि स्टुटगार्टला तीन हजारांत का कापले जातात, यावर मुंबईत जन्मलेल्या जगदीश भगवतींनी १९८४ साली एक निबंध लिहिला होता. गरीब देशांत सेवा स्वस्त का, हाच त्याचा विषय. सार एवढंच, की जिथे माणसं पुष्कळ आणि यंत्रं थोडी, तिथे माणसानं करायची कामं स्वस्त असतात. फोन, फ्रिज, मोटार या गोष्टी जगभर बोटीत बसून फिरतात, त्यामुळे त्यांचा भाव सगळीकडे जवळपास सारखा. पण केस कापून घ्यायला अंबडची खुर्ची बोटीत चढत नाही. स्वस्त ती नाशिकची हवा नव्हे, नाशिकची माणसं. कपड्यांना इस्त्री करणारा, डबा पोचवणारा, प्लंबर, रिक्षावाला, सगळे एकमेकांना स्वस्तात मिळतात म्हणून आपलं चालतं. आणि मामीसारख्या बायका तर फुकटच मिळतात. रोजच्या वीस पोळ्यांचा भाव या १७६ देशांतल्या कुठल्याच रकान्यात नाही.

बोटीत बसणाऱ्या वस्तूंचा भाव सारखा म्हणजे किती सारखा, तेही पाहा. २०२४ साली आयफोन १६ निघाला. अमेरिकेत किंमत ७९९ डॉलर, भारतात ७९,९०० रुपये. गुणिले शंभर! बाजारात डॉलर तेव्हा चौऱ्याऐंशीच्या आसपास. मामांना इतका आनंद क्वचित झाला असेल. एवढी मोठी कंपनी, आणि हिशेब आपल्याच पद्धतीनं करते. यातला १८ टक्के जीएसटी बाजूला काढला, तर दोन्हीकडची किंमत जवळपास सारखी येते, कारण अमेरिकेतली किंमत कर सोडून असते. हे मी त्यांना सांगितलं. पण इन्स्पेक्शनमधल्या माणसाला जॉब पास झाल्यावर कारणं नको असतात.

अमेरिकेची आघाडी मामीच्या बहिणीकडे आहे. त्या न्यू जर्सीत, एडिसनला. तिथल्या ओक ट्री रोडवर म्हणे पालक-मेथीपासून पैठणीपर्यंत सगळं मिळतं. मावशी गुणाकार करत नाहीत, बढाई मारतात. पण २०२५ च्या मार्चमध्ये त्या एकदम नरम झाल्या. बर्ड फ्लूमुळे अमेरिकेत अंडी महागली आणि डझनाचा देशभरातला सरासरी भाव ६.२३ डॉलरवर गेला. पाचशे चाळीस रुपयांना डझन. मामीनं ताबडतोब अंबडच्या अंड्यांचा भाव कळवला, सात रुपयांना एक. सोबत ऑम्लेटचा फोटो. मामी अंडं खात नाही. तो फोटो खास काढून घेतला होता.

मावशींनी सूड घेतला पेट्रोलवर. अमेरिकेत त्या वर्षी पेट्रोल गॅलनला तीन डॉलरच्या आसपास होतं. गॅलन म्हणजे पावणेचार लिटरच्या थोडं वर. हिशेब करा, सत्तर-बहात्तर रुपये लिटर, आणि नाशिकला शंभराच्या वर. इथे गुणाकार करूनसुद्धा तिकडे स्वस्त! वर मावशींनी हेही ऐकवलं, की न्यू जर्सीत गाडीतून उतरावंही लागत नाही, पंपावरचा माणूसच पेट्रोल भरतो. ते खरं आहे. उरलेल्या अमेरिकेत लोक स्वतः नळी धरतात, न्यू जर्सीत १९४९ पासून कायद्यानं मनाई. मामी म्हणाली, "मग त्यात अमेरिका कुठे आली? गरवारे पॉइंटलाही माणूसच भरतो."

पिशव्यांवर मात्र दोघी एक झाल्या. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली. न्यू जर्सीत २०२२ च्या मेपासून आली, आणि मोठ्या किराणा दुकानांतून तर कागदी पिशवीही गेली. पिशवी विसरली की नवी कापडी विकत घ्या. मावशींकडे अशा साठ-सत्तर पिशव्या साठल्या आहेत. पँटच्या पायाच्या कापडाची पिशवी शिवून दाराच्या खिळ्याला अडकवायची ही आमच्या आजीची पद्धत अमेरिकेनं कायदा करून शिकून घेतली, पण खिळा राहिला.

आता जे भाव आपण अंबडला बसून मोजतो, त्यातला बराच माल मुळात आपल्याकडूनच गेलेला असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये मुलगा स्टुटगार्टच्या दुकानातून द्राक्षांचा अर्ध्या किलोचा डबा उचलतो आणि त्यावर छापलेलं असतं, 'मूळ देश : भारत'. ती बहुतेक आमच्याच निफाड-दिंडोरीकडची, मुंबईच्या बंदरातून रॉटरडॅमला उतरून तिथे पोचलेली. द्राक्षांना व्हिसा लागत नाही असं समजू नका. प्रत्येक औषधाचा अंश किती चालेल याची युरोपची यादी आहे. २०१० साली क्लोरमेक्वाट या एका रसायनापायी भारतीय द्राक्षांचे कंटेनर तिकडे अडकले आणि बागायतदारांचं कंबरडं मोडलं. मण्याचा आकार, साखर, रंग, सगळं मापात बसलं की 'एक्स्पोर्ट', नाही बसलं की 'लोकल'. म्हणजे आपली मुलं आणि आपली द्राक्षं, दोन्हींची परीक्षा एकाच पद्धतीनं होते. नापास झालेली द्राक्षं अंबडच्या हातगाडीवर येतात आणि हातगाडीवाला ओरडतो, "एक्स्पोर्ट, एक्स्पोर्ट!" आपणही विश्वास ठेवून घेतो.

कांद्याची गोष्ट याहून अचाट. २०२२ च्या डिसेंबरात फिलिपाइन्समध्ये कांदा किलोला ७०० पेसोंपर्यंत गेला. आपले हजार रुपये. तिथे मांसापेक्षा कांदा महाग झाला. एका नवरीनं लग्नात फुलांऐवजी कांद्यांचा गुच्छ हातात धरला आणि विमानातले कर्मचारी परदेशातून बॅगेत कांदे आणताना पकडले गेले. आणि त्याच हंगामात, फेब्रुवारी २०२३ मध्ये, बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सोलापूर बाजार समितीत ५१२ किलो कांदा नेला. भाव मिळाला किलोला एक रुपया. मोटारभाडं, हमाली, तोलाई कापून हातात पडला दोन रुपयांचा चेक. तोही पुढच्या तारखेचा.

हजार रुपये आणि एक रुपया. कांदा तोच, डोळ्यांत पाणी तेच. मध्ये फक्त समुद्र आणि परवाने. पुढे ८ डिसेंबर २०२३ ला केंद्रानं कांद्याच्या निर्यातीवरच बंदी घातली. ती उठली ४ मे २०२४ ला, तीही टनाला किमान ५५० डॉलर भाव आणि ४० टक्के शुल्क लावून. मुलानं भोळेपणानं विचारलं, "बाबा, लासलगाव एवढं जवळ, मग आपल्याकडे कांदा कधी कधी इतका महाग का होतो?" मामांनी पहिल्यांदाच गुणाकार न करता उत्तर दिलं, "तो जेव्हा आपल्याला महाग होतो ना, तेव्हाही पिकवणाऱ्याला तो महाग मिळाला असं समजू नकोस."

परतीच्या बॅगेचा अर्थव्यवहार हा स्वतंत्र विषय आहे. एका बॅगेला तेवीस किलो. दिवाळीच्या फराळाचा भाव किलोवर नसतो, ग्रॅमवर असतो. बॅग पॅक होते, वजनाला कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जाते, सहाशे ग्रॅम जास्त भरते, परत येते, आणि घरात भांडण होतं, कुरडया काढायच्या की काळा मसाला. तूप आणि पेढे तर आधीच बाद, कारण प्रवाशानं दुधाचे पदार्थ आणणं युरोपला चालत नाही. मामीला हे अजून पटत नाही. "विष आहे का ते?" उरलेल्या जागेत मामा एक किलो चिवडा बसवतात आणि विमानाच्या तिकिटाला बॅगेच्या वजनानं भागून सांगतात, "हा चिवडा तुला अडीच हजार रुपये किलो पडला." हे ऐकून मुलगा तो चिवडा जर्मन माणसाला कधीच देत नाही.

मामांचा गुणाकार सुटावा म्हणून मी शेवटचा उपाय केला. यूबीएस या स्विस बँकेच्या १९७१ साली सुरू झालेल्या पाहणीत एक वेगळीच पद्धत होती : वस्तूचा भाव पैशांत सांगायचा नाही, ती घ्यायला किती वेळ काम करावं लागतं ते सांगायचं. ही पद्धत मामांना एकदम भावली. कंपनीत 'सायकल टाइम' काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. जर्मनीत जानेवारी २०२६ पासून किमान वेतन ताशी १३.९० युरो. अंबडचा आकडा आम्ही वरच्या मजल्यावर घेतला. मामांनी वरच्या खोल्या कंपन्यांतल्या पोरांना भाड्यानं दिल्या आहेत. त्यातलं सुरगाण्याकडचं एक पोरगं ठेकेदाराकडे लागलंय. आठ तासांचे पाचशे रुपये. तासाला साडेबासष्ट.

मामा कागद घेऊन बसले. एक लिटर दूध : जर्मनीत पाच मिनिटं, अंबडला एक तास. आयफोन १६, निघाला तेव्हा जर्मनीत ९४९ युरो : तिकडे साडेआठ दिवस, इकडे एकशेसाठ. केस कापणं : तिकडे दोन तास दहा मिनिटं, इकडे एक तास छत्तीस. हे दोन आकडे मात्र मामांनी दोनदा तपासले. शंभर आणि तीन हजार म्हणून आपण ज्या दरीकडे बोट दाखवत होतो, ती घड्याळात जवळपास बुजली. कष्टकऱ्यानं कष्टकऱ्याकडून डोकं करून घ्यायचं, तर वेळ दोन्हीकडे थोड्याफार फरकानं सारखाच जातो.

मग आली मेथी. अडीच युरो म्हणजे अकरा मिनिटं. अंबडला वीस रुपयांची जुडी म्हणजे एकोणीस मिनिटं.

मामीनं कागद हातात घेतला. "म्हणजे मेथी आपल्याकडे महाग?"

"या पोरासाठी तरी," मी म्हणालो.

मामांनी पेनाला टोपण लावलं आणि ही पद्धत नापास केली. गणितात चूक नव्हती. अडचण अशी, की मिनिटांत मोजलं तर स्टुटगार्टच्या पोराची कीव करता येत नाही, आणि कीव करता येत नसेल तर भाव विचारायचा कशाला? या सगळ्या गुणाकार-भागाकाराचं उत्तर कधीच रुपयांत नसतं. मागे राहिलेल्यांना हवं असतं एवढंच, की आपण राहिलो ते बरोबर. गेलेल्याला हवं असतं, की आपण गेलो ते बरोबर. हे उघड विचारायची आपल्यात रीत नाही, म्हणून आपण मेथी विचारतो. तो अडीच युरो सांगतो, हे अडीचशे ऐकतात आणि दोन्ही बाजू जिंकतात. असा सौदा दुसऱ्या कुठल्या बाजारात होत नाही.

आणि हा सौदा करायला युरोपला जावं लागतं असंही नाही. वरचं पोरगं सुरगाण्याहून अंबडला आलं, तेव्हा तेही पहिले महिने जिन्यात बसून आईला फोनवर सांगायचं, "दूध पासष्ट रुपये लिटर, पाण्याचीसुद्धा बाटली विकत." पलीकडून आई हळहळायची आणि आपली नागलीची भाकरी किती बरी म्हणायची. त्याच्यासाठी अंबड हेच स्टुटगार्ट. आता पोरगं हळहळत नाही. परवा त्यानं साडेचारशेचे बूट घेतले आणि आईला म्हणालं, "फक्त साडेचारशेला."

मामीनं हे खालून ऐकलं आणि तिच्यातली भागाकारी बाई जागी झाली. सुरगाण्याला नागली किती स्वस्त असेल! पोरगं गावी निघालं तशी तिनं जिन्यात गाठलं.

"काय रे, तुमच्याकडे नागली केवढ्याला किलो?"

पोरगं दोन पायऱ्या वर चढून थांबलं. अंबडला येऊन त्याला वर्ष झालं होतं. इथल्या मॉलमध्ये नागली ऐंशी रुपये किलोच्या पाकिटात मिळते, हे त्यानं पाहिलं होतं.

"सत्तर," ते म्हणालं. "मामी, तुम्ही घरच्या, म्हणून."

मामीनं पाच किलो सांगितली आणि मामांना वर्दी दिली, की किलोमागं दहा रुपये वाचले.